दादा कोंडके अख्खे पाहायला हवेत

१९७१ साली ‘सोंगाड्या’ आला आणि पुढच्याच वर्षी ‘पिंजरा’. दोन्हींच्या मुळाशी मामला एकच आहे: सरळ वळणाचा माणूस तमाशातल्या बाईत गुंततो आणि त्याच्या आयुष्याची घडी विस्कटते. व्ही. शांताराम यांनी त्यातून एका मास्तरच्या अधःपाताची शोकांतिका उभी केली. दादा कोंडके आणि वसंत सबनीस यांनी त्यातूनच आईच्या धाकात वाढलेल्या भोळ्या नाम्याची विनोदी गोष्ट रचली. दोन्ही चित्रपटांनी महाराष्ट्र गाजवला. पुढे मात्र दोघांचे नशीब वेगळे झाले. ‘पिंजरा’ साफसूफ होऊन, डिजिटल रूप घेऊन पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि नव्या पिढीने तो मोठ्या पडद्यावर पाहिला. ‘सोंगाड्या’ आजच्या पंचविशीतल्या मुलाला भेटतो तो बहुतेक वेळा मोबाइलवरच्या दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांतून. चेहरे आडवे ताणलेले, आवाज फाटलेला, कोपऱ्यात कुणाचे तरी बोधचिन्ह आणि वर ‘डबल मीनिंग’ अशी पाटी. मराठी विनोदाचा इतका मोठा ऐवज आपण अशा अवस्थेत ठेवला आहे, हे मला मान्य नाही. दादांच्या चित्रपटांची, निदान ‘सोंगाड्या’पासून ‘पांडू हवालदार’पर्यंतच्या चित्रपटांची, मूळ फिल्मवरून नीट दुरुस्त केलेली, एकही दृश्य न गाळलेली, सोबत माहिती आणि टीका देणारी, घरी बसून पाहण्याजोगी आवृत्ती निघाली पाहिजे. आणि तिची मागणी सगळ्यांत आधी भोर-वेल्ह्यातून उठली पाहिजे.

भोर-वेल्ह्यातून का, याला कारण आहे. दादांचा जन्म १९३२ चा, मुंबईत नायगावचा. पण कोंडके मंडळी मूळची भोरजवळच्या इंगवलीची. घरातली काही माणसे बॉम्बे डाइंगमध्ये कामाला होती. भोर आणि वेल्हे या डोंगरी पट्ट्यातल्या कितीतरी घरांची हीच रीत होती. पाऊस धो धो पडायचा, पण खाचरातले भाताचे एक पीक निघाले की उरलेले वर्ष काढायचे कशावर, हा प्रश्न असायचा. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेले, पानशेत-वरसगावचे पुण्याकडे. धरणांच्या माथ्यावरच्या गावांतला धाकटा किंवा थोरला भाऊ मात्र मुंबईची वाट धरत राहिला. लालबाग, परळ, नायगावच्या चाळींत या माणसांनी आपापली गावे पुन्हा वसवली: गावकीची खोली, भजनी मंडळ, गणपतीतले मेळे, कलापथके. दादा त्याच मातीत घडले. अपना बाजारातली नोकरी, सेवादलाचे कलापथक, मग वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि त्याचे दीड हजारांवर प्रयोग, तिथून भालजी पेंढारकरांचा ‘तांबडी माती’ (१९६९) आणि मग स्वतःच्या निर्मितीचा ‘सोंगाड्या’. हा प्रवास एकट्या कलावंताचा नाही. गावाकडची बोली, गावाकडचा वग आणि गिरणगावातला प्रेक्षक यांची जी गाठ तेव्हा पडली, तिचा हा इतिहास आहे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने ‘सोंगाड्या’ बाजूला सारून देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’ला जागा दिली तेव्हा शिवसैनिक रस्त्यावर उतरले आणि ‘सोंगाड्या’ लागला, हा प्रसंग राजकारणाच्या बाजूने पुष्कळदा सांगितला जातो. त्यातली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. आपल्यासारखा बोलणारा, आपल्यासारखा गांगरणारा माणूस पडद्यावर पाहायला मिळावा म्हणून भांडायला तयार असलेला प्रेक्षक तेव्हा मुंबईत होता आणि त्यातला मोठा भाग घाटावरून आलेला होता.

नाम्या काय करतो, हे समजायला त्याआधीचा तमाशापट आठवावा लागतो. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. त्यानंतर तमाशापटाचा एक साचाच पडला. गावचा पाटील किंवा सावकार, फडावरची देखणी बाई, तिच्यावर पडलेली वाईट नजर, सूड, शेवटी न्याय. त्या साच्यात तमाशा बघणारा पुरुष सत्तावान असतो; फेट्याचा तुरा उडवत तो पुढच्या रांगेत बसतो. दादांनी त्या जागी आईच्या हाकेला दचकणारा, ढगळ अर्ध्या चड्डीचा नाडा लोंबवत फिरणारा, कुणावरच सत्ता नसलेला नाम्या आणून बसवला. तमाशापटाची सगळी सामग्री तीच राहिली, पण तिचा तोरा उतरला. अमेरिकेत काउबॉयपटाचे जे झाले तेच हे. घोडे, पिस्तुले, शेरीफ, धुळीने भरलेले गाव हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा साचा. मेल ब्रुक्स यांनी १९७४ साली ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये त्याच गावात एक कृष्णवर्णीय शेरीफ आणून उभा केला आणि साच्यात दडलेला वर्णद्वेष उघडा पाडला. तो चित्रपट सभ्य अजिबात नाही. शेकोटीभोवती बसून घेवडा खाणाऱ्या काउबॉयांचे त्यातले दृश्य इतके ओंगळ मानले गेले की टीव्हीवर दाखवताना त्याचे आवाज दाबले गेले. पण व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे अशा प्रत्येक नव्या माध्यमात तो चित्रपट पुन्हा निघाला, अख्खा निघाला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे देशाने कायम जपायच्या चित्रपटांच्या यादीत, त्याची नोंद झाली. आचरट विनोदालाही शोकांतिकेइतकीच जपणूक लागते, हे तिथल्या संस्थांनी कधीच मान्य केले आहे.

आपल्याकडे घरी सिनेमा पाहण्याची सोय आली ती आधी भाड्याच्या व्हीसीआरच्या रूपाने. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही पसरला आणि पाठोपाठ गावोगाव वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर आणायचा आणि रात्रभरात तीन-चार सिनेमे संपवायचे, ही पद्धत रुळली. जत्रेतल्या तंबूखेरीज सिनेमाची दुसरी वाट नसलेल्या वाड्या-वस्त्यांना याचे फार अप्रूप होते. नंतर व्हीसीडी आली. २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढली आणि सिनेमा भाजीच्या भावात घरात आला. हे चांगलेच झाले. ज्या माणसांसाठी दादांनी सिनेमे काढले, त्यांच्या खिशाला परवडेल अशी ती किंमत होती. पण व्हीसीडीत चित्राची चौकट आडवी ३५२ आणि उभी २८८ ठिपक्यांची. पूर्ण लांबीचा चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर तोडून बसवायचा. त्यासाठी हाताशी असलेली कुठलीही झिजलेली प्रत घ्यायची आणि उतरवून काढायची, असा तो धंदा होता. पुढे इंटरनेटवर जे गेले त्यातले पुष्कळसे या तबकड्यांवरूनच गेले. म्हणजे आज मोबाइलवर दिसतो तो बऱ्याचदा झिजलेल्या प्रतीवरच्या व्हीसीडीवरचा तुकडा.

याने विनोदाचे जे नुकसान होते ते इतर कुठल्याही प्रकारच्या चित्रपटाच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने पळते. हजार फुटांचे एक रीळ जेमतेम अकरा मिनिटांचे. रीळ बदलताना, फिल्म तुटल्यावर सांधा मारताना, ऑपरेटर दर वेळी दोन-चार चौकटी कापतो. प्रिंट वर्षानुवर्षे गावोगाव फिरली की एखाद्या सांध्यावर बारा-पंधरा चौकटी, म्हणजे अर्धा सेकंद, सहज जातो. शोकांतिकेत अर्धा सेकंद गेला तर प्रेक्षकाला झटका बसतो, पण प्रसंग कळतो. विनोदात तोच अर्धा सेकंद सगळे काही असतो. दादांची लकब जवळून पाहा. वाक्य म्हणून झाल्यावर ते क्षणभर थांबतात. तोंड किंचित उघडे, डोळे समोरच्यावर. समोरच्याला दुसरा अर्थ लागतो, तो गोरामोरा होतो, आणि दादांच्या चेहऱ्यावर मात्र आपण काही वावगे बोललो याची गंधवार्ता नसते. हशा येतो तो त्या थांबण्यावर आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर. वाक्य निमित्तमात्र असते. सांध्यात ते थांबणे कापले गेले की उरतो फक्त द्वयर्थी शब्द, आणि तो एकटा खरोखरच बटबटीत वाटतो. मोबाइलवरचे तुकडे नेमके असेच कापलेले असतात: वाक्य आले, हशाचा कृत्रिम आवाज चिकटवला, पुढचे वाक्य. ज्याने दादांना फक्त असे पाहिले आहे त्याला ते अश्लील वाटले तर दोष त्याचा नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. दादांचे चित्रपट मुळातच अश्लील आहेत, त्यांत बाईचे शरीर हा थट्टेचा विषय आहे, अशा सिनेमांवर सार्वजनिक पैसा आणि कष्ट का खर्च करायचे, असे अनेक जण म्हणतात. स्त्रियांनी हे म्हटले तर ते ऐकून घेतलेच पाहिजे, कारण थट्टेचा मार त्यांनी सोसला आहे. उत्तरार्धातल्या चित्रपटांबद्दल हा आक्षेप मला बराचसा पटतो. ‘पळवापळवी’, ‘येऊ का घरात’ या काळात आल्यावर चित्रपटाचे नावच विनोद होऊन बसले होते आणि कथेत जीव उरला नव्हता. पण तीच मोजपट्टी ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’ यांना लावता येत नाही. ‘सोंगाड्या’चे लेखक वसंत सबनीस. त्याच सबनिसांनी पुढे १९८८ मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ची पटकथा-संवाद लिहिले आणि त्या चित्रपटाला घराघरांत सहकुटुंब हसणारा प्रेक्षक आजही आहे. एकाच लेखकाचा एक चित्रपट कौटुंबिक ठरतो आणि दुसरा न बघताच चावट ठरतो, यामागे त्या चित्रपटापेक्षा आपल्या ऐकीव मतांचा हात मोठा आहे. ‘सोंगाड्या’त रत्नमाला यांची आई आणि उषा चव्हाण यांची कलावती या दोघी गोष्ट पुढे नेतात, नाम्या त्यांच्या मधे भरडला जातो. ‘पांडू हवालदार’मध्ये अशोक सराफ यांच्या सखाराम हवालदारासमोर दादांचा भोळा पांडू उभा केला आहे आणि वर्दीतला माणूस कुठे वाकतो, कुठे नाही, हे हसत हसत सांगितले आहे. ‘एकटा जीव सदाशिव’च्या गोष्टीवर महेश मांजरेकर यांनी २००० साली गोविंदाला घेऊन ‘जिस देश में गंगा रहता है’ काढला. गावात वाढलेला मुलगा शहरातल्या श्रीमंत आईबापांच्या घरात आल्यावर काय होते, ही त्यातली कळ अठ्ठावीस वर्षांनंतरही हिंदीला उपयोगी वाटली.

शिवाय टीका करायची असेल तरी चित्रपट अख्खा हाताशी लागतो. तुकड्यांवर टीका होत नाही, फार तर नाक मुरडता येते. ‘ब्लेझिंग सॅडल्स’ २०२० मध्ये अमेरिकेत एका वाहिनीच्या ऑनलाइन सेवेवर आला तेव्हा त्यातल्या वर्णद्वेषी शब्दांचे काय करायचे हा प्रश्न आला. त्यांनी एकही शब्द कापला नाही. चित्रपटाच्या अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांची छोटी प्रस्तावना आधी जोडली. ती ऐकून प्रेक्षकाने स्वतः ठरवावे. दादांच्या आवृत्तीला असेच हवे. चित्रपटाआधी पाच मिनिटे एखादी स्त्री-अभ्यासक स्पष्ट बोलो, सोबतच्या पुस्तिकेत कडक टीका छापली जावो. सेन्सॉर मंडळाशी दादांचे जे झगडे झाले, त्यांतून कोणती दृश्ये गेली, कोणती राहिली, याची नोंद त्यात यावी. सेन्सॉरने आणि ऑपरेटरने कापलेल्यावर आपणही लाजेपोटी आणखी कात्री चालवली, तर पुढच्या पिढीला हा माणूस आवडला का नाही, हे ठरवण्याचा हक्कच राहणार नाही.

दुसरे लोक म्हणतात, दादांचे सिनेमे फुकट बघायला मिळतात, मग आवृत्ती कशाला. आणि आता तबकड्या लावायला घरात यंत्र तरी कुणाकडे आहे. यंत्राबद्दल ते बरोबर आहेत. घरगुती आवृत्ती म्हणजे प्लॅस्टिकची डबीच असली पाहिजे, असा माझा हट्ट नाही. ग्रंथालयांसाठी आणि संग्राहकांसाठी थोड्या ब्लू-रे तबकड्या काढाव्यात, बाकीच्यांना तोच चित्रपट स्वच्छ रूपात माफक दरात ऑनलाइन मिळावा. महत्त्व आहे ते ‘आवृत्ती’ या कल्पनेला. कुणीतरी जबाबदारी घेऊन सांगितले पाहिजे की हा चित्रपट इतक्या लांबीचा, ही त्याची पूर्ण प्रत, ही श्रेयनामावली, हे गीतकार, हे संगीतकार, ही चित्रीकरणाची स्थळे. फुकटच्या तुकड्यांत ही जबाबदारी कुणाचीच नसते. राम कदम आणि त्यांच्यानंतर राम-लक्ष्मण यांचे संगीत, उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर यांचे गळे, निळू फुले यांच्यासारखा नट, हे सगळे त्या तुकड्यांच्या खाली एका ओळीतही नमूद नसते. तमाशाच्या फडावरून आलेल्या, एक-दोन प्रसंगांपुरत्या दिसलेल्या कलावंतांची नावे तर कायमचीच पुसली जातील.

काम होण्याजोगे आहे का? आहे. १९७५ साली ‘पांडू हवालदार’ आला, त्याच वर्षी ‘शोले’ आला. ‘शोले’ची मूळ निगेटिव्ह फार खराब झाली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने परदेशात मिळालेल्या सामग्रीच्या आधारे तो पुन्हा बांधला आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात सेन्सॉरने बदलायला लावलेल्या मूळ शेवटासह तो दाखवला गेला. मराठीतही उदाहरण आहे. १९७६ च्या ‘घाशीराम कोतवाल’ या चित्रपटाची प्रत बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने सांभाळली, डिजिटल करून २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यातच आहे. भोरहून निघालेला माणूस दोनेक तासांत तिथे पोहोचतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली २,२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. पैसा, तंत्र आणि संस्था अशा तिन्ही गोष्टी जवळपास आहेत. थांबून राहायला वेळ मात्र नाही. त्या काळातली अ‍ॅसिटेटची फिल्म दमट हवेत कुजते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आक्रसते आणि मग यंत्रावर चढत नाही. रंगीत प्रिंट तांबूस पडत जातात. ८ जानेवारी २००३ च्या आगीत प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट फिल्म पुण्यातच जळून गेल्या. एका दिवसाचे ते नुकसान कशानेही भरून आलेले नाही.

हक्कांचा गुंता आहे, तो नाकारून चालणार नाही. दादा १४ मार्च १९९८ रोजी गेले आणि त्यांच्या चित्रपटांच्या हक्कांचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात कोण बरोबर हे इथे ठरवण्याचे कारण नाही. पण फिल्म जपणे आणि फिल्म विकणे ही दोन वेगळी कामे आहेत. न्यायालयात मालकी कुणाची हे ठरेपर्यंत निगेटिव्ह थंड, कोरड्या खोलीत ठेवायला कुणाचीच हरकत असू नये. संग्रहालयाने सर्व दावेदारांशी असा करार करावा की मूळ फिल्म आणि स्कॅन सुरक्षित राहील आणि विक्रीचे उत्पन्न ज्याचा हक्क ठरेल त्याला मिळेल. राज्य सरकारचे सांस्कृतिक खाते यात मध्यस्थी करू शकते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण केला. ताम्रपट आणि पोथ्या जपणे हे त्या आनंदाचे एक अंग आहे. मावळपट्टी आणि गिरणगाव यांच्या मधे घडलेली, १९७० च्या दशकात खरोखर बोलली जाणारी मराठी आवाजासकट जिथे साठून आहे, ते चित्रपट जपणे हे दुसरे.

शेवटचा आक्षेप भोर-वेल्ह्यातूनच येईल आणि तो रास्त आहे. वेल्ह्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणायचे ठरले आहे, अजून कितीतरी वस्त्यांवर पावसाळ्यात आजाऱ्याला रस्त्यापर्यंत आणायचे हाल होतात. तिथे जुन्या सिनेमांची काय मातब्बरी? याचे उत्तर इतकेच की या कामाचा पैसा तालुक्याच्या रस्त्यांतून कापला जाणार नाही, तो ज्या कामासाठी केंद्राने ठेवला आहे त्यातूनच मागायचा आहे. मागितला नाही तर तो दुसऱ्या भाषांच्या चित्रपटांवर खर्च होईल, वेल्ह्याच्या साकवांवर होणार नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात राजगड आहे. त्यासाठी तालुक्याने, गिर्यारोहकांनी, इतिहासाच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे हाक दिली होती. भोरच्या पंतसचिवांच्या राजवाड्यात हिंदी-मराठी चित्रीकरणे होत असतात आणि भोरकर त्याचा अभिमान बाळगतात. मग इंगवलीच्या घराण्यातल्या ज्या माणसाच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि ज्याची नोंद गिनेस बुकात झाली, त्याच्या कामासाठी तशीच हाक का देऊ नये?

आणि भोर-वेल्ह्याने फक्त मागणी करून थांबायचे नाही. या कामात असा एक भाग आहे जो पुण्या-मुंबईच्या संस्थांना जमणार नाही. स्कॅन झालेला चित्रपट गावात, भोरच्या एखाद्या सभागृहात किंवा शाळेत, सत्तरी ओलांडलेल्या माणसांसमोर दाखवायचा. कोणता शब्द आता वापरातून गेला, कोणती म्हण कुठल्या प्रसंगी येत असे, शेतावरचे कोणते अवजार पडद्यावर दिसते, गिरणीतून सुट्टीवर आलेला चुलता नेमका कसा बोलायचा, हे तिथे बसून लिहून घ्यायचे. भोरच्या महाविद्यालयातली मराठीची मुले हे एका उन्हाळ्यात करू शकतात, आणि ती टिपणे आवृत्तीच्या पुस्तिकेत जशीच्या तशी छापता येतील. ज्यांनी हे चित्रपट पहिल्यांदा तंबूत किंवा लालबागच्या भारतमातामध्ये पाहिले, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. फिल्म थंड खोलीत ठेवून काही वर्षे तग धरेल; या माणसांचे सांगणे तसे साठवून ठेवता येत नाही, म्हणून आवृत्तीच्या कामाची सुरुवात स्कॅनरच्या आधी इथून झाली तरी चालेल.

एक तारीख ध्यानात ठेवावी. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे ‘सोंगाड्या’ ३१ डिसेंबर २०३१ ला त्या बंधनातून मोकळा होईल, ‘एकटा जीव सदाशिव’ त्यानंतर वर्षभराने, ‘पांडू हवालदार’ २०३५ च्या अखेरीस. त्या दिवसानंतर कुणीही तो काढू शकेल, दाखवू शकेल, विकू शकेल. पण त्या वेळी हाताशी नीट स्कॅन केलेली पूर्ण प्रत नसेल, तर मोकळा होईल तो व्हीसीडीवरचा ताणलेला, सांध्यांनी भरलेला चित्रपट, आणि पुढच्या साठ वर्षांत त्याच्याच आणखी नकला निघतील. हक्कदारांनाही हे कळण्यासारखे आहे: चांगली आवृत्ती काढून उत्पन्न मिळवण्याची त्यांच्या हाती उरलेली वर्षे थोडी आहेत. भोर नगरपरिषदेने आणि दोन्ही तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभांत ठराव करून पुण्याच्या संग्रहालयाकडे पाठवावेत. ‘सोंगाड्या’ची निगेटिव्ह कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि तिची तपासणी कधी होणार, एवढे तीन प्रश्न त्या ठरावात लेखी विचारले तरी कामाला तोंड फुटेल.